मेद

लिहिताना शेवटी द असतो,
बोलताना तो वारा घेऊन जातो.
उरतं ते लांबवलेलं मे.
हेल्गेलानच्या किनाऱ्याबाहेर, तेरा धुराड्यांच्या बेटावर,
माणसं तेवढंच म्हणतात
आणि दुसऱ्याला तेवढंच कळतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बोर्गहिल्डने
बुटांच्या खोक्यांत शब्द भरायला घेतले.
एका शब्दाला एक चिठ्ठी.
वर शब्द, मग अर्थ, मग कुणाच्या तरी तोंडचं वाक्य.
वाक्याशिवाय चिठ्ठी खोक्यात जात नाही.
स्वतः रचलेलं वाक्य चालत नाही.

मेद. नपुंसकलिंगी.
एक: समुद्रातली मासे लागायची जागा.
दोन: ती जागा सापडावी म्हणून जमिनीवर धरलेली खूण.
म्हणजे पोचायचं त्यालाही मेद
आणि ज्याच्या आधाराने पोचायचं त्यालाही?
"त्यात काय," बाप म्हणाला,
"दार म्हणजे भोकही आणि फळीही."

बाप म्हणजे एलर्ट, एक्क्याण्णव वर्षांचा,
खिडकीशी बसून हातांनीच होडी वळवणारा:
"चर्चचा कळस काळ्या दगडामागे जाऊ द्यायचा.
मग वल्ही मारत राहायचं
पेत्रिकेचं पांढरं कोठार खिंडीत नीट बसेपर्यंत.
दोन रेषा कापतात तिथे दोर सोडायचा.
साठ वाव. बाजूला सरकलीस
तर नुसता चिखल."

तिने जाडजूड कोश उघडून वाचून दाखवलं:
जुन्या नॉर्समध्ये मिद. मुळात मधला, मधोमध.
त्याचीच एक बहीण पार संस्कृतात, मध्य.
"तिकडे कॉड असतो?"
"माहीत नाही."
"मग मधोमध कशाला लागतं त्यांना?"

मेद कुणी कुणाला सांगत नसे.
परकी होडी दिसली की लोक दोर गुंडाळून
उगाच आभाळ बघत बसत.
एका म्हाताऱ्याने मरताना जावयाला सांगितलं, तेही अर्धं,
एकच रेष सांगून झाली आणि दम संपला.
जावई वीस वर्षं
त्या रेषेवरून होडी खालीवर नेत राहिला.

पेत्रिकेचं कोठार एका हिवाळ्यात जळालं.
एलर्टच्या तोंडी ते उभंच होतं,
रंगही दर वसंतात नवा.
मार्चमध्ये तो गेला.
वही उरली, माशाच्या तेलाने पारदर्शक झालेली,
एका पानावरून पुढचं पान वाचता येईल अशी.

भाच्याच्या होडीवर उपग्रहाचे आकडे दाखवणारं यंत्र आहे.
वहीत आकडे नाहीत.
वहीत कळस आहे, दगड आहे, खिंड आहे
आणि एक नसलेलं कोठार.

सप्टेंबरात पेत्रिकेने जळक्या चौथऱ्यावर
दोन वल्ही रोवली, मध्ये चादर बांधली,
डबल बेडची, कडेला लेस लावलेली.
"तासभर थांबेन. वारा वाढला की काढणार," म्हणाली.

कळस दगडामागे गेला.
खिंड रिकामी.
मग काहीतरी पांढरं डावीकडून सरकत
खिंडीच्या मधे आलं,
फुगलं, पडलं, पुन्हा फुगलं.
कोठार असं कधी करत नसे.
बोर्गहिल्डने दोर सोडला.
चाळीस वाव. पन्नास. पंचावन्न.
सत्तावन्नला दोर सैल पडला.
बापाचे वाव लांब होते, हात लांब होते त्याचे,
हे तिच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

दोन कॉड लागले. एक परत सोडावा इतका लहान.

रात्री तिने चिठ्ठी पुढे ओढली,
वाक्याच्या जागी लिहिलं:
"मे सापडलं असेल तर सांग गं,
चादर काढते, बोटं गोठली माझी."
आणि खाली, बारीक अक्षरात:
पेत्रिके, मोबाइलवरून, दुपारी.